पाऊण इंच

रॉलिन्समध्ये काहीही कललं तर नाव वाऱ्याचं.
कुंपणं, टपालाच्या पेट्या, कब्रस्तानातली पाइनची एकुलती एक रांग,
आणि नोव्हेंबरपासून माझा पिकअप:
चार इंच उंच केलेला, नवे टायर,
आणि डाव्या खांद्यात खचलेला,
एकाच खिशात दगड भरून चालणाऱ्या पोरासारखा.

मी वाऱ्याला नाही धरलं. टेओला धरलं.
मेव्हणा. डावी बाजू त्यानं बसवली, उजवी मी.
ख्रिसमसच्या जेवणात, त्याच्या आईसमोर,
तमालेंची वाफ विरायच्या आत
दोनदा म्हणालो: डावी बाजू टेओची.
तो हसला. ताटातली कणसाची सालं गोळा करत राहिला.

डॉर्ला हॅस्केट बासष्टची.
तीस वर्षं रेल्वेच्या शेडमध्ये, वॅगनींखाली.
तिनं आधी गाडीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
"मोजलंस कुठून?"
जमिनीपासून, म्हटलं. घरासमोर. इंचभर फरक.
"म्हणजे जमीनही मोजलीस."

चारी टायरांत हवा सारखी केली.
मागचा भार उतरवायला लावला: साखळ्या, वाळूची पोती,
टेओकडून आणलेली, अजून न परतवलेली लोखंडी व्हाइस.
मग टेप चाकाच्या मध्यावर टेकवून वर मडगार्डच्या कडेपर्यंत.
डावीकडे सव्वाबावीस. उजवीकडे तेवीस.
पाव इंच माझ्या अंगणाचा होता.
नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात;
इथे अंगण खरंच वाकडं निघालं,
आणि तरी पाऊण इंच नाच उरला.

मागचा अ‍ॅक्सल बरोबर मध्यावर जॅकवर घेतला.
मागचं सगळं वजन एका टोकावर तोललं,
पुढचा कल जागचा हलला नाही.
"पाटे निर्दोष," ती म्हणाली, न्यायाधीशासारखी नाही,
किराण्याच्या यादीतली ओळ खोडावी तशी.
स्पेसर दोन्हीकडे सारख्या जाडीचे.
स्प्रिंगांवरचे नंबर जुळले.
मी टेओचं नाव यायची वाट पाहत होतो.

ती खाली सरकली. फक्त बूट बाहेर.
बुटांनी विचारलं,
"उजवीकडचे हे बोल्ट आवळले तेव्हा चाक कुठं होतं?"

कुठं म्हणजे?

"जमिनीवर की हवेत?"

त्या रात्री बोटं पान्याला चिकटत होती.
लोंबतं चाक तसंच ठेवून मी जीव खाऊन आवळलं
आणि कॉफी प्यायला आत गेलो.
टेओ थांबला होता.
गाडी चाकांवर उतरवून, गोठलेल्या मातीला पाठ लावून
मग त्यानं आपली बाजू आवळली, एकटा.
खिडकीतून त्याच्या बॅटरीचा उजेड दिसत होता मला.
किती हा हळू, असं बहिणीला म्हणालोही होतो.

"रबराचे बुश आहेत यात," बूट म्हणाले.
"ज्या स्थितीत आवळशील तेच त्यांना घर वाटतं.
तुझी डावी खचलेली नाही.
उजवी खाली यायला तयार नाही."

बोल्ट सैल झाले तेव्हा आवाज आला,
फार वेळ दाबून धरलेल्या खोकल्यासारखा.
दोघांनी बंपरवर उभं राहून गाडी हिंदकळवली,
पुढे नेली, मागे आणली, परत हिंदकळवली.
मग ती स्वतःच्या पायांवर उभी असतानाच
डॉर्लानं टॉर्कचा पाना लावला.
डावीकडे सव्वाबावीस. उजवीकडे तेवढंच, नखाएवढं जास्त.
"ते राहू दे. टाकी डावीकडे, बसणाराही डावीकडे."

चाळीस डॉलर. पावती नाही.
टेओचा नंबर काढला, फोन परत खिशात ठेवला.
सिंक्लेअरच्या रिफायनरीतून तो चारला सुटतो.
व्हाइस मागे टाकली, हायवेला लागलो,
वारा पाठीशी, गाडी सरळ.
पहिलं वाक्य काय बोलावं
ते मात्र सात मैलांत सुचलं नाही.